राजवाड्यातली बिऱ्हाडं

डायोक्लेशियनच्या राजवाड्यात शिरायला तिकीट लागत नाही. मध्यरात्री जा, पहाटे जा, रस्ता खुला असतो. क्रोएशियातल्या स्प्लिट शहराचा गाभा म्हणजेच हा राजवाडा. सतराशे वर्षांपूर्वी एका रोमन सम्राटाने निवृत्तीनंतर राहायला बांधलेल्या या वास्तूत आज गल्ल्या आहेत, घरं आहेत, खानावळी आहेत, चर्च आहेत, दोरीवर वाळणाऱ्या चादरी आहेत. घरं भिंतीला टेकून उभी नाहीत, ती भिंतीच्या पोटातच आहेत. सम्राटाच्या सज्जाच्या कमानी दगडांनी बुजवून त्यांत खिडक्या बसवल्या आहेत आणि दोन खिडक्यांच्या मधला रोमन अर्धस्तंभ तसाच उभा आहे.

‘रोमन’ म्हटलं की मला आधी आठवतो तो कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयातला पोसायडनचा लहानसा ब्राँझ पुतळा. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेला हा समुद्रदेव दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्यांबरोबर अरबी समुद्र ओलांडून, घाट चढून पंचगंगेकाठी आला. लहानपणी तो पाहिला तेव्हापासून रोमन गोष्ट म्हणजे काचेआडची, हात न लावायची, अशीच माझी समजूत होती. स्प्लिटमध्ये रोमन गोष्टीला लोक पाठ टेकून बसतात. पोरं तिच्यावर चेंडू मारतात. तिच्यात खुंट्या ठोकून कपडे अडकवतात. हे पाहून धक्का बसेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात मला फार आनंद झाला.

स्प्लिटला यायचं तर समुद्रावरून यावं. समोरच्या ब्राच बेटावरून निघालेली बोट तासाभराच्या आत बंदराला लागते. राजवाड्याचा पांढरा चुनखडक याच बेटावरच्या खाणींतून आला, त्यामुळे दगडांचा हा प्रवास आपणही करतो. बोट जवळ येते तसं ताडांच्या रांगेमागे एक लांबच लांब भिंत दिसू लागते. पूर्वी लाटा थेट तिच्या पायथ्याशी येत आणि तिच्यातल्या छोट्या दक्षिण दरवाजातून माणसं बोटीतून उतरून आत जात. आता मधे रिव्हा हा समुद्रकाठचा प्रशस्त रस्ता आहे, संध्याकाळी अख्खं शहर तिथे फिरायला येतं. उत्तर-दक्षिण सुमारे २१५ मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे १८० मीटर असा हा चौकोन. पायी आरपार जायला पाच मिनिटं पुरतात. मी मात्र त्यात दिवसचे दिवस हरवून राहिले.

हा बांधणारा डायोक्लेशियन इथलाच. शेजारच्या सलोना या प्रांतिक राजधानीच्या परिसरात, साध्या घरात जन्मला, सैन्यात वर चढला आणि २८४ साली सम्राट झाला. साम्राज्य एका माणसाच्या आवाक्याबाहेर गेलंय हे ओळखून त्याने ते चार राज्यकर्त्यांमध्ये वाटलं. ३०१ साली वस्तूंच्या आणि मजुरीच्या कमाल दरांचा हुकूम काढला, दगडांवर कोरून गावोगावी लावला. ३०३पासून ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ मांडला. आणि १ मे ३०५ रोजी, रोमन सम्राटांत तोवर कुणी केलं नव्हतं ते केलं: आपण होऊन सत्ता सोडली आणि घरी आला. पुढे गादीसाठी भांडणं पेटल्यावर जुने सहकारी त्याला परत बोलवायला लागले. तेव्हा त्याने आपल्या हाताने लावलेल्या कोबीचा दाखला देऊन नकार दिला, असं जुन्या इतिहासकारांनी लिहून ठेवलं आहे. गोष्ट गोड आहे, पण त्याचे अखेरचे दिवस गोड नव्हते. त्याने उभारलेली चौघांची व्यवस्था त्याच्या डोळ्यांदेखत मोडली. त्याची बायको आणि मुलगी दूर पूर्वेला अडकल्या आणि त्याच्या मृत्यूनंतर मारल्या गेल्या.

पण माझ्या मते स्प्लिटची खरी गोष्ट सम्राटापासून सुरू होत नाही, ती सुरू होते तीनशे वर्षांनंतर. सातव्या शतकाच्या पूर्वार्धात अवार आणि स्लाव टोळ्यांच्या हल्ल्यांत सलोना पडली. लोक मिळेल त्या नावेने बेटांवर पळाले. काही काळाने त्यांच्यातले काही परत आले, पण उद्ध्वस्त सलोनात राहण्याची सोय नव्हती. जवळच हा रिकामा, भक्कम भिंतींचा राजवाडा होता. ते त्यात शिरले. तेराव्या शतकातला स्प्लिटचा इतिहासकार थॉमस आर्चडीकन याने याचं वर्णन केलं आहे. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी आत घरं बांधली, ज्यांच्याकडे थोडा होता त्यांनी बुरूज धरले, आणि ज्यांच्याकडे काहीच नव्हतं ते तळघरांत आणि कमानींखाली राहिले. निर्वासितांच्या छावणीचं हे वर्णन आहे. एका माणसासाठी, त्याच्या चाकरांसाठी आणि पहाऱ्यासाठी बांधलेल्या जागेत एक गावच राहायला आलं. पुण्यातल्या एखाद्या जुन्या वाड्यात दिवाणखान्याला फळ्या लावून दोन बिऱ्हाडं व्हावीत, तबेल्यात तिसरं यावं, तसंच काहीसं. फरक एवढाच की इथली बिऱ्हाडं तेराशे वर्षं टिकली.

मी रोज पूर्वेच्या, चांदीच्या दरवाजाने आत जायची, कारण त्याच्या बाहेरच पाझार भरतो. पाझार म्हणजे भाजीबाजार. काळे रुमाल बांधलेल्या म्हाताऱ्या बायका, त्यांच्यापुढे अंजिरांचे ढीग, मध, लव्हेंडरच्या पुरचुंड्या, आणि ब्लित्वाच्या जुड्या. ब्लित्वा म्हणजे रुंद पानांची, चुक्यासारखी आंबट नसलेली पालेभाजी. बटाट्याबरोबर उकडून, लसूण आणि ऑलिव्हचं तेल घालून ती इथे रोज खातात. तीच भाजी पातळ लाटलेल्या दोन पोळ्यांमध्ये भरून, चुलीच्या तळावर निखाऱ्यांखाली भाजतात, वर तेल-लसूण चोपडतात. त्याला सोपारनिक म्हणतात. शेजारच्या पोल्यिचा भागातला हा उपवासाचा, गरिबीचा पदार्थ. परातीपेक्षा मोठा गोल भाजून त्याचे शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे करतात. एक तुकडा हातात घेऊन मी आत शिरायची.

आतला रस्ता सरळ पेरिस्टिल या चौकात जातो. चहूबाजूंनी स्तंभ आणि कमानी, मधे थोडी खोल फरसबंदी, कडेने पायऱ्या. सम्राट इथे दर्शन देई. आज या पायऱ्यांवर लोक कॉफी पीत बसतात. स्तंभांमधला लालसर ग्रॅनाइट इजिप्तहून आणलेला, आणि कोपऱ्यात पहुडलेला काळ्या दगडाचा स्फिंक्सही तिकडचाच, तिसऱ्या थुटमोसच्या काळातला. म्हणजे डायोक्लेशियनने तो आणला तेव्हाच तो जवळपास अठराशे वर्षांचा होता. पश्चिमेच्या बाजूला स्तंभांच्या मधल्या जागेत मध्ययुगानंतरच्या सरदारांनी घरं बसवली आहेत. रोमन कमान हीच त्यांच्या घराची दर्शनी चौकट. १९५४पासून इथे उन्हाळ्यात नाट्य-संगीत महोत्सव होतो. ज्या चौकात खरा स्फिंक्स बसलेला आहे तिथे ‘आयडा’ हा ऑपेरा ऐकणं काय असेल याची कल्पना मी पायरीवर बसून करत राहिले.

चौकाच्या पूर्वेला सम्राटाने स्वतःसाठी बांधलेली अष्टकोनी समाधी आहे. ती आज शहराचं कॅथेड्रल आहे, संत डोम्नियसचं. स्थानिक लोक त्याला ‘स्वेती डुये’ म्हणतात. हा डोम्नियस सलोनाचा बिशप. डायोक्लेशियनच्या छळात ३०४ साली त्याचा शिरच्छेद झाला. सलोनाचे निर्वासित राजवाड्यात आले तेव्हा त्यांनी सम्राटाच्या समाधीचं चर्च केलं, सम्राटाची शवपेटी कुठे गेली ते कुणाला कळलं नाही, आणि ज्याला त्याने मारलं त्याच्या नावाने तिथे प्रार्थना सुरू झाली. ती आजही चालू आहे. ७ मेला त्याचा सण सगळं शहर साजरा करतं.

कॅथेड्रलच्या दारात मी बराच वेळ घालवला. आंद्रिया बुविना या स्थानिक कारागिराने १२१४ साली कोरलेली ही अक्रोडाच्या लाकडाची दारं. येशूच्या आयुष्यातले २८ प्रसंग, प्रत्येक चौकटीत एक, भोवती द्राक्षवेलींची वीण. लाकूड आठशे वर्षं टिकतं ते कुणीतरी रोज ते उघडतं, झाकतं, पुसतं, कीड लागली तर हळहळतं म्हणून. आत गेल्यावर मान आपोआप वर जाते. दोन मजली स्तंभांच्या रांगा, वर विटांचा घुमट, आणि घुमटाखाली पंख असलेल्या बाळांच्या शिकारीची कोरीव पट्टी. त्या पट्टीतल्या दोन गोलांतले चेहरे डायोक्लेशियन आणि त्याची बायको प्रिस्का यांचे मानले जातात. इथे येणाऱ्या प्रत्येक पिढीने काहीतरी जोडलं, पण या दोन चेहऱ्यांवर हातोडा चालवला नाही. ज्याच्या नावाने आपले पूर्वज मारले गेले त्याचा चेहरा वेदीच्या वर राहू द्यायला मोठं मन लागतं. की वर इतक्या उंचावर कुणी पाहिलंच नाही? मला पहिलं कारण मानायला आवडतं.

समोरच्या अरुंद गल्लीत ज्युपिटरचं देऊळ आहे, तेही पुढे ख्रिस्ती दीक्षागृह झालं. कोरीव चौकटींचं त्याचं अर्धगोल दगडी छत अखंड आहे आणि आत इव्हान मेश्त्रोविचने घडवलेला बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा कृश, ताठ पुतळा आहे. उत्तर दरवाजाच्या वर, पहारेकऱ्यांच्या चिंचोळ्या मार्गिकेत संत मार्टिनचं एक प्रार्थनाघर आहे. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील इतकं अरुंद. शेजारच्या मठातल्या डॉमिनिकन जोगिणी ते सांभाळतात. दरवाजाबाहेर मेश्त्रोविचचाच दहाव्या शतकातल्या बिशप ग्रगूर निन्स्कीचा अवाढव्य पुतळा, ज्याचा अंगठा हात लावून लावून सोन्यासारखा झाला आहे. इथे गर्दी असते. मी पुढे गेले.

मला राजवाड्यात सगळ्यात जास्त ओढ वाटली ती तळघरांची. जमीन समुद्राकडे उतरत जाते, म्हणून सम्राटाची राहती दालनं समतल यावीत यासाठी खाली कमानींचा भक्कम मजला बांधला. वरची दालनं पुढच्या शतकांत घरांखाली, घरांमध्ये विरघळून गेली. पण खालच्या मजल्याचा आराखडा वरच्यासारखाच होता आणि तो जवळजवळ पूर्ण उरला. कसा उरला, ते ऐकण्यासारखं आहे. वर राहणाऱ्या लोकांनी जमिनीला भोकं पाडली आणि शतकानुशतकं केरकचरा, सांडपाणी, मलमूत्र सगळं खाली सोडलं. हळूहळू खोल्या छतापर्यंत भरल्या. भरल्या म्हणून कुणाला त्या पाडता आल्या नाहीत, त्यांचे दगड उपसून नेता आले नाहीत, कमानीही ढासळल्या नाहीत. एकोणिसाव्या शतकात विच्को आंद्रिच या इथल्याच वास्तुतज्ज्ञाने खोदायला सुरुवात केली. मोठं काम दुसऱ्या महायुद्धानंतर झालं, येर्को आणि तोमिस्लाव मारासोविच यांनी एकेक दालन मोजत, वरच्या घरांना धक्का न लावता पुढे नेलेलं.

आज तिथे गार, ओलसर, प्रचंड दालनं आहेत. छतातली ती भोकं दिसतात, भिंतींवर सांडपाण्याच्या क्षारांचे थर दिसतात, एका जागी मध्ययुगीन तेलघाण्याचे दगड आहेत. मधल्या रुंद मार्गिकेत आता आठवण म्हणून विकायच्या वस्तूंची दुकानं लागतात, आणि रिव्हावरून पेरिस्टिलला जायचा तो लोकांचा रोजचा रस्ता आहे. बाजूच्या दालनांना तिकीट आहे, त्यामुळे तिथे शांतता मिळते. मी त्या भोकांखाली उभी राहून वर पाहिलं. बादली घेऊन आलेल्या कुणा बाईला आपण काही जपतोय हे ठाऊक असणं शक्य नव्हतं. तिच्या घरातला कचरा, आणि त्यातून आपल्याला मिळालेला रोमन राजवाड्याचा नकाशा.

याच तळघरांमधून पायऱ्या चढून पेरिस्टिलला आलं की वर गोल प्रवेशदालन लागतं. त्याचा घुमट वरून उघडा आहे. तिथे बऱ्याचदा काळी पँट, पांढरा सदरा घातलेले पुरुष गोलात उभे राहून क्लापा गातात. वाद्य नाही, फक्त आवाजांचे चार-पाच थर. २०१२ साली या गायनप्रकाराला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. गीतं समुद्राची, आईची, दूर गेलेल्या माणसाची असतात, असं मला सांगितलं. शब्द कळत नसतानाही मला ते आधीच कळलं होतं.

मी राहत होते राजवाड्याबाहेर, मारयान टेकडीच्या पायथ्याशी वारोश या जुन्या कोळी-शेतकरी वस्तीत. माझी घरमालकीण शाळेत शिकवते. तिची मावशी राजवाड्याच्या आत, पश्चिम दरवाजाजवळ राहते. एके दुपारी ती मला तिच्याकडे घेऊन गेली. बाई ऐंशीच्या पुढच्या. मीही त्यांना मावशीच म्हणू लागले आणि त्यांनाही ते आवडलं. तीन मजले अरुंद, झिजलेल्या पायऱ्या चढून वर गेलो. स्वयंपाकघराच्या एका भिंतीला गिलावा नव्हता. हातभर मोठे, घट्ट बसवलेले दगड.

“ही भिंत त्याची,” मावशी म्हणाल्या. “बाकीच्या तीन आमच्या.”

त्यांचे यजमान गोदीत कामाला होते. लग्न होऊन आल्या तेव्हा याच दोन खोल्यांत सासू, सासरे, दोन दीर आणि हे दोघं. पाणी चौकातून भरायचं. फ्रिज आणला तेव्हा जिन्यातून येईना, म्हणून दोरांनी खिडकीतून चढवला आणि सगळी गल्ली मदतीला आली. ती आठवण सांगताना त्यांचे डोळे चमकले. खिडकीबाहेर समोरच्या घरापर्यंत कप्पीवरची दोरी होती. अशी दोरी लावायची तर समोरच्यांशी संबंध चांगले हवेत, कारण अर्धी दोरी त्यांची.

“भिंत गार आहे, उन्हाळ्यात बरं वाटतं. हिवाळ्यात हाडं दुखतात. भोक पाडायचं तर परवानगी काढावी लागते. ते बरोबरच आहे. सगळ्यांनी भोकं पाडली असती तर काय राहिलं असतं?” त्या हसल्या. मग समोरच्या खिडकीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “तिथे आता कुणी राहत नाही. म्हणजे रोज वेगळं कुणीतरी राहतं. दोरी माझी एकटीची झाली.”

खाटीक गेला, चांभार गेला, दुधाचं दुकान गेलं. मूठभर मीठ हवं असलं तरी भिंतीबाहेर जावं लागतं. रात्री एक-दोन वाजता दगडी गल्लीतून बॅगांची चाकं खडखडत जातात. मावशींचा मुलगा म्हणतो, आई, तूही जागा भाड्याने दे आणि नव्या वस्तीत माझ्याकडे ये, तिथे लिफ्ट आहे. त्याचं चुकतंय असं मावशींना वाटत नव्हतं. मलाही वाटलं नाही. ऐंशीनंतर तीन मजले चढायला लावणारा वारसा कुणी कुणावर लादू नये. तरी निघताना त्यांनी खिडकीतल्या कुंडीतल्या तुळशीसारख्या वासाच्या रोपाची फांदी तोडून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “मी आहे तोवर तरी ही खिडकी उघडी राहील.”

लोकांनी इथे राहावं की नाही, हा वाद जुना आहे. १७५७ साली स्कॉटिश वास्तुकार रॉबर्ट ॲडम इथे आला. तेव्हा शहर व्हेनिसच्या ताब्यात होतं आणि तिथल्या अधिकाऱ्यांना तो तटबंदीची हेरगिरी करतोय असा संशय आला. तरी पाच आठवड्यांत त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी राजवाडा मोजून काढला. १७६४ साली आलेल्या त्याच्या चित्रग्रंथाने युरोपभर या वास्तूचं नाव झालं. त्या ग्रंथातली काही चित्रं स्प्लिट जसं होतं तसं दाखवतात. पण त्याचं मन रमलं दुसऱ्या चित्रांत, जिथे घरं, दोऱ्या, माणसं सगळी पुसून राजवाडा पहिल्या दिवसासारखा कोरा उभा केला आहे. पुढे ज्याने तळघरं खोदायला घेतली त्या आंद्रिचलाही घरं हटवून राजवाडा मोकळा करावा असं वाटत होतं. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नाचा कलेतिहासकार आलॉइस रीगल इथे आला आणि त्याने उलट बाजू मांडली: राजवाड्यावर चढलेले मध्ययुगाचे आणि नंतरचे थरही तितकेच मोलाचे आहेत, ते खरवडून काढू नका. काही इमारती त्यानंतरही पाडल्या गेल्या, पण रीगलची बाजू एकूणात टिकली. १९७९ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं ते नुसत्या राजवाड्याला नाही, त्यात वाढलेल्या ऐतिहासिक शहरासह.

रीगल बरोबर होता, याचा पुरावा पाच-सहा किलोमीटरवर आहे. सलोनाला, आजच्या सोलिनला, शहर बसने जाता येतं. एकेकाळी डाल्मेशियाची राजधानी असलेलं हे मोठं शहर आज द्राक्षमळे आणि अंजिरांच्या झाडांत विखुरलेले दगड आहे. रंगमंडलाची लंबगोल खूण, स्नानगृहांचे पाये, रांगेने मांडलेल्या शवपेट्या, बाजूला हमरस्त्याचा आवाज. लोक गेल्यावर इथल्या दगडांना कुणी वाली राहिला नाही. जो येईल तो बांधकामाला उचलून नेत राहिला. तुर्कांशी लढाया चालू असताना शत्रूला आसरा मिळू नये म्हणून व्हेनिसच्या सैन्याने उरलेलं रंगमंडलही पाडलं. फ्राने बुलिच या विद्वान पाद्रीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे शहर पुन्हा मातीतून वर काढायला आयुष्य दिलं. १९३४ साली तो गेला, त्याची समाधी इथेच आहे. सुरूच्या झाडांखाली त्याचं छोटं घर आहे, तेही जुने दगड वापरून बांधलेलं. सलोना मन लावून पाहावी अशी जागा आहे. पण दोन ठिकाणं एकाच दिवशी पाहिली की कळतं: ज्या शहरातून माणसं गेली त्याचे पाये उरले, आणि ज्या वास्तूत माणसं शिरली तिचं छत उरलं. आपल्याकडे शनिवारवाड्यात दरवाजा, तट आणि जोती का उरली याचं एक कारण १८२८ची आग आहे. दुसरं कारण, त्या आगीनंतर तिथे कुणाचं घर राहिलं नाही.

या दोन जागांना जोडणारी एक गोष्ट अजून जिवंत आहे. सलोनाजवळ यादरो नदी उगम पावते. डायोक्लेशियनने तिथून सुमारे नऊ किलोमीटर लांबीचा जलसेतू बांधून राजवाड्यात पाणी आणलं. नंतर तो शतकानुशतकं बंद पडून होता. १८८०च्या सुमारास महापौर आंतोनियो बायामोंती याच्या काळात तो दुरुस्त करून शहराला पाणी मिळालं. आता नळयोजना नवी आहे, पण उगम तोच. मावशींनी मला ज्या पाण्याची कॉफी दिली ते यादरोचंच होतं.

म्हणून मावशींच्या समोरची खिडकी बंद होणं ही मला एका म्हातारीची खाजगी अडचण वाटत नाही. सातव्या शतकापासून हा राजवाडा सांभाळला तो सरकारने नाही, पुरातत्त्व खात्याने नाही. तो सांभाळला छप्पर गळलं तर वर चढणाऱ्यांनी, दगड निखळला तर बसवणाऱ्यांनी. पाहुण्याला छप्पर गळतंय हे दिसतच नाही, तो चार दिवसांनी जाणार असतो. २०२५पासून क्रोएशियात नव्या कायद्याने इमारतीतलं घर पर्यटकांना नव्याने भाड्याने द्यायचं तर बहुसंख्य सहमालकांची संमती लागते. चांगलं पाऊल आहे, पण जिथे बहुतेक मालक आधीच बाहेर गेले आहेत तिथे ते उशिरा पडलं आहे.

तुम्ही स्प्लिटला जा. एप्रिलमध्ये जा किंवा ऑक्टोबरमध्ये, जेव्हा बुरा नावाचा वारा वाहतो आणि दोरीवरचे कपडे तासाभरात वाळतात. पण राजवाड्याच्या आत खोली घेऊ नका, ती कितीही सुंदर दिसली तरी. वारोशमध्ये, पाझारच्या पलीकडे, जिथे घरमालक स्वतः त्याच जागेत राहतो असं घर शोधा. भाजी पाझारवरच्या म्हाताऱ्यांकडून घ्या. दुपारी दोन ते चार गल्ल्यांमध्ये आवाज कमी ठेवा, तेव्हा आत राहिलेली थोडी माणसं झोपलेली असतात. आणि रात्री उशिरा उतरलात, तर बॅग उचलून चाला.